खळ लावायच्या आधीच माग सुरू केला: मामांचा उष्माघात आणि एचएसएफ-१ नावाचं प्रोटीन

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सोलापुरातच एका कॉलेजात बायोटेकच्या पोरांना शिकवतो. खालची केस माझ्या सख्ख्या मामांची आहे आणि त्यांना विचारूनच लिहितोय, त्यांचं म्हणणं एवढंच की "लिही की, पण माझं नाव नको आणि कारखान्याचं तर अजिबात नको, उद्या परत तिथंच जायचंय मला". म्हणून नावं कुठलीच नाहीत. आकडे त्यांच्या फाईलमधले आहेत, फाईल माझ्याकडेच पडलीय.

मामा ४९ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सायझिंगला आहेत, सत्तावीस वर्षं तेच काम. ज्यांना सोलापूरचा टॉवेल फक्त दुकानात माहितीये त्यांच्यासाठी, माग चालायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ लावतात म्हणजे विणताना सूत तुटत नाही, आणि ती ओली खळ वाळवायला वाफेवर तापलेली मोठी मोठी सिलिंडरं असतात, त्यावरून सूत फिरत पुढं बीमवर गुंडाळलं जातं. सिलिंडर शंभर डिग्रीच्या वर, खाली गरम खळीचं पातेलं, वर पत्रा, आणि मे महिन्यात बाहेरच ४३. पण खरी गोम उष्णतेत नाही, वाफेत आहे. घाम कितीही आला तरी वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, नुसता ठिबकून खाली पडला तर त्याचा काही उपयोग नाही. बाहेर भर उन्हात रस्त्याचं काम करणाऱ्या माणसाला निदान कोरडं वारं तरी मिळतं.

सत्तावीस वर्षांत त्यांना कधी काही झालं नव्हतं. "आमच्या हाडात मुरलंय ओ ऊन" असं ते सगळ्यांना ऐकवायचे आणि ते खोटंही नव्हतं.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, पुण्यात, मुलाकडे. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणून तिथंच राहिले. मुलाच्या फ्लॅटमध्ये एसी. मामा एसीला शिव्या घालत घालत एसीतच झोपले सहा आठवडे, म्हणजे मार्च अखेर ते मे मधला दुसरा आठवडा, नेमका तोच काळ जेव्हा सोलापुरात पारा रोज थोडा थोडा करत वर चढत असतो आणि बाकीचे कामगार त्याच्याबरोबर चढत असतात. ही तारीख लक्षात ठेवा, अख्खी केस हिच्यावरच उभी आहे.

परत आले रविवारी रात्री, सोमवारी कारखान्याला सुट्टी, मंगळवारी सकाळी थेट बारा तासांची पाळी. ऑर्डर अडकली होती, दुसरा माणूस सुट्टीवर, मालकाचा फोन आलेला, आणि मामांना घरी बसणं जमत नाही हे पण आहेच, सगळा दोष मालकावर टाकत नाही मी. पहिल्या दिवशी रात्री पोटऱ्यात गोळे आले, डोकं दुखत होतं, मामींनी साखर-मिठाचं पाणी दिलं, झोप लागली नाही. अजून एक, बीपीची गोळी चालू होती आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध पण होतं, क्लोरथालिडोन. पुण्यात एसीत तीच गोळी बिनत्रासाची होती. सायझिंगमध्ये घामानं पाणी-मीठ चाललंय आणि गोळी पण पाणी-मीठ बाहेर काढतीये, असा दोन्हीकडून खर्च.

त्या दिवशीचं, लोकांनी सांगितलं तसं

बुधवारी दुपारी जेवण गेलं नाही. अर्धी भाकरी, थोडी शेंगाचटणी, डबा बंद. अडीचच्या सुमारास जॉबरला, म्हणजे मशीन बघणाऱ्या मुकादमाला, त्यांनी त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. जॉबरला वाटलं मस्करी करतायत. मग उगाच त्याच्यावर चिडले, तेलुगूत, आणि जॉबर तर मराठी. सगळे हसले. पाच-सात मिनिटांनी मशीनला टेकून खाली बसले आणि कलंडले.

आता इथं दोन चुका झाल्या आणि एक गोष्ट बरोबर झाली. पहिली चूक, कुणीतरी फिट आली म्हणून नाकाला कांदा लावला. दुसरी चूक, शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं, ते ठसक्यात गेलं, नशीब फुफ्फुसात फार उतरलं नाही. कुणाला उष्माघात सुचलाच नाही कारण मामांचे कपडे घामानं पिळून निघतील असे होते आणि आपल्याकडे सगळ्यांना एवढंच पाठ असतं की ऊन लागलं की घाम थांबतो, अंग कोरडं पडतं. म्हाताऱ्या माणसाला घरात बसून उष्माघात होतो तेव्हा बहुतेक तसंच दिसतं. पण काम करता करता होतो त्यात घाम शेवटपर्यंत येत राहू शकतो. ओळखायची खूण घाम नाही, डोकं आहे. अंग भाजतंय आणि माणूस वेड्यासारखं बोलतोय, चिडतोय, ओळखत नाहीये, तर तो उष्माघात धरून चालायचं, बाकीचं नंतर बघू. डॉक्टरी व्याख्या पण तशीच आहे, आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर आणि मेंदूवर परिणाम.

बरोबर झालं ते वायडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या, एका मावशींमुळे. शाळा चौथीपर्यंत, आधी विड्या वळायच्या. त्यांनी हात लावून बघितलं आणि ओरडल्या, "फिट नाय रे, अंग बघा की कसं पेटलंय!" मामांना ओढत बाहेर हौदापाशी नेलं, शर्ट फाडला, बादल्या ओतल्या. टॉवेलचा कारखाना, सेकंडचा माल ढिगानं पडलेला, तो हौदात बुडवून अंगावर टाकायचा, दोन मिनिटांत गरम झाला की काढून दुसरा टाकायचा. एका पोराला पिटाळून कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला. कुणीतरी पेडस्टल फॅन ओढून आणला. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं, रिक्षा येईपर्यंत. टेरी टॉवेल पाणी किती धरतो हे सोलापूरकराला सांगायला नको.

मी नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण जगभर या बाबतीत हेच सांगतात, आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब सगळ्यात भारी, तो नसेल तर ओले थंड टॉवेल सतत बदलत राहणं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस बहुतेक वाचतो, तो अर्धा तास रिक्षात आणि केसपेपर काढण्यात गेला तर अवघड. मावशींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं.

रिक्षा आधी जवळच्या एका दवाखान्यात गेली. काखेत थर्मामीटर, १०३. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलचं इंजेक्शन, सलाईन लावू म्हणाले. यावर थोडं थांबतो कारण हे नेहमी होतं. ताप येतो तेव्हा मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला असतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीरालाच उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही, उलट ज्या लिव्हरला आधीच मार बसणारे त्याच्यावर अजून एक ओझं. आणि काखेतलं तापमान, ते पण ओल्या टॉवेलखालून आलेल्या काखेतलं, म्हणजे निव्वळ फसवणूक. जॉबरचं कौतुक एवढं की तो तिथं थांबला नाही, "साहेब मोठ्या दवाखान्यात नेतो" म्हणून उचलून निघाला.

मोठ्या दवाखान्यात गुदद्वारातून तापमान घेतलं, १०६.२ फॅरनहाइट, म्हणजे ४१.२ सेल्सिअस. हे एवढं भिजवल्यानंतरचं. आधी किती असेल कोण जाणे. तिथल्या पोरांनी मात्र फटाफट काम केलं, बर्फ, ओल्या चादरी, पंखे, १०२ ला आल्यावर थांबवलं, कारण पुढे आपोआप अजून उतरतं आणि जास्त थंड केलं तर ते पण धोक्याचं.

"मग आजच का?"

मी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. मामा डोळे उघडत होते पण ओळखत नव्हते. लघवीच्या पिशवीत कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी. आयसीयूतल्या रेसिडेंट मॅडम, वय पंचवीस-सव्वीस असेल, त्या काम-धंदा सगळं लिहून घेत होत्या आणि मधेच मान वर करून म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं तिथंच काम करतात ना, मग आजच का?"

बाकीचे अकरा जण त्याच शेडमध्ये, त्याच वाफेत, त्याच दिवशी, त्यांना काही नाही. मामा त्यांच्यातले सगळ्यात जुने. तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना आणि रात्री कॉरिडॉरच्या बाकावर बसून उत्तर लागलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण हेच मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवतो, परीक्षेत पाच मार्काला येतं.

गोष्ट १९६० च्या आसपासची. फेरुच्चो रितोसा नावाचा इटालियन माणूस फळमाशीच्या लाळग्रंथीतली क्रोमोसोम बघत होता. लॅबमधल्या कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान चुकून वाढवलं, आणि त्याला क्रोमोसोमवर भलत्याच ठिकाणी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथले जीन जोरात चालू आहेत. म्हणजे उष्णता लागल्याबरोबर पेशी बाकीची कामं बाजूला ठेवून ठराविक जीन चालू करते. एका मोठ्या जर्नलनं यात काही विशेष नाही म्हणून पेपर परत केला म्हणतात, शेवटी १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आला. त्या जीनमधून बनणारी प्रोटीनं १९७४ मध्ये सापडली, ती हीट शॉक प्रोटीनं, एचएसपी-७० वगैरे. आणि ते जीन चालू करणारा जो मुकादम आहे, तो एचएसएफ-१, माणसातला त्याचा जीन १९९१ मध्ये हाती लागला. ५२९ अमिनो आम्लांचं प्रोटीन, आठव्या क्रोमोसोमच्या टोकाला त्याचा जीन.

काम कसं चालतं ते मी मामांना नंतर त्यांच्याच भाषेत सांगितलं, तेच इथं सांगतो. प्रोटीन म्हणजे नीट गुंडाळलेलं सूत. उष्णता वाढली की ते उलगडायला लागतं, उलगडलेली सुतं एकमेकांत अडकतात, गुंता होतो, आणि तो गुंता सोडवता आला नाही तर पेशी मरते. एचएसपी-७०, एचएसपी-९० ही खळ. सुताला धरून ठेवतात, तुटू देत नाहीत, उलगडलेलं परत गुंडाळायला मदत करतात. आता एरवी एचएसएफ-१ एकटा एकटा फिरत असतो आणि हीच एचएसपी मंडळी त्याला हाताला धरून गप्प बसवून ठेवतात. पेशीत गुंता वाढला की ती सगळी गुंत्याकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळा सुटतो. मोकळे तीन एकत्र येतात, तिघांचं एक त्रिकूट होतं, ती केंद्रकात जाऊन डीएनएवर ठराविक जागी बसते आणि हुकूम सोडते, खळ बनवा. पुरेशी खळ झाली की तीच खळ परत एचएसएफ-१ ला पकडून गप्प बसवते. झकास व्यवस्था आहे, वर सुपरवायझर लागत नाही.

पण वेळ बघा. एचएसएफ-१ जागा व्हायला मिनिटं पुरतात. प्रोटीन पुरेसं साठायला तास लागतात. आणि सायझिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाचं आतलं तापमान ३८ वरून ४१ ला जायला तासभर सुद्धा बास. म्हणजे ज्या दिवशी गरज त्या दिवशी बनवायला घेतलं तर उशीर झाला. साठा आधीचा पाहिजे.

आणि साठा असतो. रोज थोडी थोडी उष्णता लागत गेली की पेशीत एचएसपीचा शिल्लक साठा वाढत जातो, जेरुसलेमच्या मिखाल होरोविट्झ यांनी उंदरांना महिनाभर ३४ डिग्रीत ठेवून हे दाखवलं, आणि माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत पण दहा-बारा दिवस उष्णतेत व्यायाम करवून घेतल्यावर एचएसपी-७२ (एचएसपी-७० च्याच घरातलं) वाढलेलं दिसलंय. ज्या उंदरांत एचएसएफ-१ चा जीनच काढून टाकला त्यांच्या पेशींना आधी सौम्य चटका देऊन मग मोठा चटका दिला तरी त्या तगत नाहीत, नॉर्मल पेशी तगतात. सवय सवय जे म्हणतो ते हे, हाडात मुरलेलं ऊन वगैरे काही नाही, पेशीत साठवलेलं प्रोटीन आहे, आणि ते वापरात नसलं की संपतं. उन्हाची सवय लागायला एक-दोन आठवडे लागतात आणि गार जागी तीन-चार आठवडे काढले की बरीचशी उतरते. मामांनी सहा काढले. म्हणजे बुधवारी त्या शेडमध्ये सत्तावीस वर्षांचा अनुभवी माणूस नव्हताच, पेशींच्या हिशोबानं तो नवा भरती झालेला पोरगा होता, फक्त त्याला आणि मालकाला दोघांनाही ते माहीत नव्हतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सवय म्हणजे फक्त एचएसएफ-१ नाही. सवयीच्या माणसाच्या रक्तातलं पाणी वाढलेलं असतं, त्याला घाम लवकर सुटतो आणि त्या घामात मीठ कमी जातं. हे पण सहा आठवड्यांत उतरलेलं, वर ती गोळी, वर आदल्या रात्रीची झोप नाही. एकट्या प्रोटीनवर बिल फाडत नाही मी. मामांच्या पेशीत एचएसपी किती होतं हे कुणी मोजलेलं नाही, तशी टेस्ट दवाखान्यात होत पण नाही. पण पुढचे आठ दिवस फाईलमध्ये जे आकडे आले ते बघताना मला सारखी तीच कमतरता दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सीके १४,००० च्या वर. हे स्नायू फुटल्याचं लक्षण, चहाच्या रंगाची लघवी त्याचीच. क्रिएटिनिन २.१, किडनीवर ताण. तरी मामा सकाळी ओळखायला लागले होते, मामींना म्हणाले "डबा परत दिला का त्यांनी?", आणि आम्ही सगळे खूष, संकट टळलं. रेसिडेंट मॅडम म्हणाल्या थांबा, लिव्हर अजून दाखवणारे. आणि तसंच झालं, आल्या दिवशी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम, ८० होतं, तिसऱ्या दिवशी १,९००. प्लेटलेट ७८,००० वर, रक्त गोठायचा वेळ वाढला. माणूस बोलतोय, चहा मागतोय, आणि रिपोर्ट खड्ड्यात चाललेत. मामी म्हणाल्या, "अंग तर गार आहे ना आता, मग हे का वाढतंय?"

याचं उत्तर आतड्यात आहे. अंग तापलं की शरीर रक्त कातडीकडे वळवतं, थंड व्हायला, आणि ते रक्त कुणाच्या तरी वाट्याचं कापूनच येणार, ते आतड्याच्या वाट्याचं कापतं. आतड्याचं अस्तर उपाशी आणि वर तापलेलं. तिथल्या पेशी सैल पडतात आणि आतल्या बॅक्टेरियांचं विष, एंडोटॉक्सिन, गळून रक्तात जातं आणि पहिला थांबा लिव्हर. म्हणून उष्माघात सुरू होतो उष्णतेनं पण पुढं वागतो सेप्सिससारखा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरल्यासारखा, अंग गार झाल्यावर सुद्धा. आणि इथं परत तोच मुकादम. १९९९ मध्ये एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांवरचा एक अभ्यास आला, त्यात उष्णतेचा संबंधच नव्हता, नुसतं एंडोटॉक्सिन टोचलं, तर नॉर्मल उंदरांपेक्षा हे जास्त मेले आणि त्यांच्यात सूज आणणारं टीएनएफ जास्त वाढलं. म्हणजे एचएसएफ-१ एकीकडे अस्तर तगवतो आणि दुसरीकडे आग भडकू देत नाही. ज्याचा साठा कमी त्याला दोन्ही बाजूंनी मार.

चौथ्या दिवसापासून आकडे उतरायला लागले. डायलिसिस लागलं नाही. नवव्या दिवशी डिस्चार्ज.

"मग त्याची गोळी नाही का?"

हे मामांच्या मुलानं विचारलं, आयटीतला आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचं ॲप पाहिजे. मी खळीचं सगळं मामांना सांगत होतो, एचएसपी म्हणजे खळ, जास्त खळ म्हणजे जास्त टिकाऊ, तर हा म्हणाला मग एचएसएफ-१ वाढवायची गोळी काढायची की. मी तोंड उघडायच्या आत मामाच पडल्या पडल्या म्हणाले, "खळ जास्त झाली तरी सूत तुटतं बे. कडक होतं." सत्तावीस वर्षं सायझिंगला असलेला माणूस. मी गप्पच बसलो दोन मिनिटं, कारण यापेक्षा नेमकं मला सुद्धा सांगता आलं नसतं.

कॅन्सरची पेशी म्हणजे कायम तणावातली पेशी. भराभर वाढतीये, बिघडलेली प्रोटीनं ढिगानं बनतायत, खरं तर तिचा गुंता होऊन ती मरायला पाहिजे. ती मरत नाही कारण तिनं एचएसएफ-१ ला कामाला लावलेलं असतं. २००७ मध्ये सुझन लिंडक्विस्ट यांच्या लॅबनं दाखवलं की एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांत ट्यूमर व्हायचं प्रमाण खूपच कमी. पुढं २०११ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या शेकडो पेशंटच्या गाठी तपासल्या, ज्यांच्या पेशींच्या केंद्रकात एचएसएफ-१ जास्त त्यांचा आजार जास्त वाईट गेला. आणि २०१२ मध्ये असं निघालं की कॅन्सरमध्ये हा मुकादम नुसती खळच बनवून घेत नाही, पेशीची वाढ, तिचं खाणं-पिणं अशी वेगळीच कामं पण चालू करतो, उन्हात जी करत नाही. एचएसएफ-१ स्वतः बिघडलेला नसतो बरं का. चांगलाच असतो, भलत्याच्या पगारावर असतो.

दुसऱ्या टोकाला हंटिंग्टनसारखे मेंदूचे आजार, जिथं गुंता साचत जातो आणि एचएसएफ-१ कमी पडतो. २०१७ मध्ये दिसलं की हंटिंग्टनमध्ये तो नुसता सुस्त नसतो, सीके-२ नावाच्या एन्झाइमच्या (मामांच्या फाईलमधलं सीके वेगळं) नादानं तोडूनच टाकला जातो. म्हणजे तिथं वाढवायचा आणि कॅन्सरमध्ये दाबायचा. एकच बटण, दोन पेशंट, उलटी औषधं. अॅरिमोक्लोमोल नावाचं औषध हीट शॉकची ही वाट जास्त वेळ चालू ठेवतं म्हणून पुढं आलं, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारात २०२१ मध्ये फेल गेलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत निमन-पिक सी या दुर्मिळ आजारासाठी मंजूर झालं, ते पण तिथं नेमकं कसं काम करतं यावर अजून वाद आहेत. उन्हाळ्यात सायझिंगला जाण्याआधी घ्यायची गोळी यातली कुठलीच नाही. उन्हासाठी एचएसएफ-१ जागं करायचं एकच औषध आहे, ऊन. थोडं थोडं.

कामावर परत

हा सगळ्यात कटकटीचा भाग होता. उष्माघात होऊन गेलेल्याला काही आठवडे, कधी काही महिने उष्णता सहन होत नाही, त्यामुळे आम्ही जूनभर त्यांना घरीच ठेवलं, पगार अर्धा पण नाही. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली. जुलैत ते वायडिंगला बसले, त्या मावशींच्या शेजारी, आणि त्या रोज ऐकवायच्या "अण्णा, पाणी पिला का".

सायझिंगला जायचं ठरलं ते पुढच्या मार्चमध्ये. मी आणि त्यांचा मुलगा मालकाकडे गेलो. अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचं एक साधं कोष्टक आहे, सुट्टीवरून परत आलेल्या जुन्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत निम्मं काम, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. आणि एकदम नव्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त २०, मग रोज वीस-वीस वाढवत. मी म्हणलं मामांना नव्याचं कोष्टक लावा. मालक म्हणाला, "अहो सर, नव्या पोराला तरी कुठं लावतो आम्ही, पहिल्याच दिवशी बारा तास." मग स्वतःच थोडा वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसला. माणूस वाईट नाही, ऑर्डरीखाली दबलेला आहे. शेवटी कबूल झाला, मामांसाठी. नव्या पोरांसाठी "बघू" म्हणाला, आणि ते बघू अजून बघूच आहे. हौदाशेजारी एक ड्रम भरून ठेवलाय आणि सेकंडच्या टॉवेलची एक थप्पी त्याच्यावर, ती विकायची नाही असं जॉबरनं खडूनं लिहिलंय, तेवढं मात्र झालं.

पहिल्या दिवशी मामा अडीच तास काम करून बाहेर आले, बाकीचा वेळ वायडिंगला. दुसऱ्या दिवशी जवळपास पाच. त्यांना याची भयंकर लाज वाटत होती, सगळ्यात जुना माणूस आणि शिकाऊ पोरासारखा आत-बाहेर करतोय. पाचव्या दिवशी पूर्ण पाळी भरली आणि रात्री साडेनऊला फोन आला. मला वाटलं काहीतरी झालं. तर म्हणाले, "काय नाय रे. पोटऱ्यात गोळे नाय आले आज. मामी विचारतीये, ते तुझं मुकादम आला का म्हणून." मी म्हणलं अजून आठवडाभर तरी येऊ दे, तोवर पाणी प्या, आणि एप्रिलमध्ये पुण्याला जायचं असेल तर आधी मला सांगा.